पाव्हण्याने हात धुतला नाही

माझ्या पोटाचे तीन भाग केले, तर त्यातले दोन मुंबईच्या एका इस्पितळात राहिले आणि उरलेला एक घेऊन मी लोणावळ्याला परत आलो. साल सदुसष्ट. पोटात व्रण होता. त्याची हकिकत सांगत बसत नाही; ज्याला अल्सर झालेला आहे त्याला ती माहीत असते आणि ज्याला झालेला नाही त्याला ती ऐकायची नसते. काही खाल्लं की दुखणं थांबायचं, म्हणून मी दहा वर्षं खात राहिलो, एवढं सांगितलं की पुरे. जूनमध्ये इस्पितळात गेलो तेव्हा मी एकशे दोन किलो होतो. नोव्हेंबरात कामावर रुजू झालो तेव्हा एकसष्ट.

निघताना सर्जनसाहेबांनी नियम सांगितले. दर दोन तासांनी वाटीभर खायचं. प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोडाला हात लावायचा नाही. आणि जेवण झालं की पाव तास आडवं व्हायचं.

"हे किती दिवस, साहेब?"

"वर्षभर तरी. पुढं पोटाला सवय होत जाते. आणि हे बघा, चाळीस म्हणजे चाळीस."

चाळीस हा आकडा म्हणायला लहान आहे. कुणीही भाकरीचा एक घास तोंडात घेऊन मोजून बघावा. विसाव्याला भाकरीची चव जाते, तिसाव्याला जिभेची जाते, आणि पस्तिसाव्याच्या पुढे माणसाला आपण आजवर कसे जगलो याबद्दल विचार येऊ लागतात. मी तोवर पन्नाशीला आलो होतो आणि असले विचार करायला मला कधी सवड झाली नव्हती. आता दिवसातून सहा वेळा होऊ लागली.

मी एका सहकारी संस्थेच्या भाताच्या गोदामात काट्यावरचा कारकून. गाड्या यायच्या, पोती काट्यावर चढायची, मी आकडा वाचून वहीत लिहायचो. अठरा वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. त्याला कारण सावळा. सावळा हा लोहगडाच्या अंगाच्या एका वाडीतला, माझ्याच वयाचा हमाल. रोज सकाळी गोदाम उघडलं की तो मला काट्यावर उभा करायचा. काटा एकशे दोन दाखवी. सावळा मान डोलावी आणि मग पहिलं पोतं चढे. संस्थेकडे तपासणीची लोखंडी वजनं होती, पण ती गंजली होती. आमचे व्यवस्थापक म्हणत, "वजनं झिजतात, अंबाजी येवले झिजत नाहीत."

तर नोव्हेंबरात, ऐन हंगामात, मी पहिल्या दिवशी काट्यावर उभा राहिलो. सावळा वाकला. त्यानं आकडा बघितला, काटा बोटानं ठोकला, पुन्हा बघितला.

"भाऊ, काटा बिगाडला."

"सावळा, काटा ठीक आहे. मी कमी झालोय."

"तुमी वाळला त्ये दिसतंय मला. पर एकेचाळीस किलो? एवढं काय माणसातनं जातं व्हय? मागं मानूस ऱ्हाईल का?" तो बाहेर गेला आणि गाडीवाल्यांना ओरडून म्हणाला, "गाड्या सोडा रं! काटा खोटं बोलतोय!"

व्यवस्थापकांनी नियम काढला. काट्याबद्दल तक्रार आली की काटा बंद, तालुक्याहून वजनमापांचे निरीक्षक येईपर्यंत. मी म्हणालो, तक्रार माझ्याबद्दल आहे, काट्याबद्दल नाही. ते म्हणाले, "येवले, तुमच्याबद्दलच्या तक्रारीसाठी नियम नाही. काट्याबद्दलच्या आहे." तीन दिवस एकवीस बैलगाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. गाडीवाले गोदामाच्या दारात भाकरीचं फडकं सोडून खायचे आणि मी दर दोन तासांनी माझी वाटी उघडली की सगळेच्या सगळे माझ्याकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक आले. काटा अचूक निघाला. त्यांच्या छापील अहवालात 'तक्रारीचे कारण' असा रकाना होता. त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं, टाक दातात धरला आणि लिहिलं, "तुलनेसाठी वापरण्यात येणारी वस्तू बदललेली आढळली." अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी वापरला गेलेला हा सर्वांत अधिकृत शब्द. महिनाअखेर संस्थेकडून मला मेमो आला: आपल्या वजनात झालेल्या बदलाची लेखी पूर्वसूचना आपण दिलेली नाही, खुलासा करावा. मी खुलासा केला. तो 'समाधानकारक नाही' या शेऱ्यासह फाइलला लागला आणि अजून तिथंच आहे.

घरी परिस्थिती याहून गंभीर होती. इस्पितळातून आल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत सत्तेचाळीस माणसं बघायला आली. चाळिसांनी सल्ला दिला. पाच रडली. उरलेली दोन बघून न बोलता गेली, आणि माझ्या मते खरी काळजी त्यांनाच होती. सल्ल्यांचे मी दोन गट पाडले. पहिल्या गटाचं म्हणणं, याला खायला घाला. दुसऱ्याचं म्हणणं, याला काहीच घालू नका. पहिल्या गटाच्या पुढारी समोरच्या सावित्राबाई. त्या मला बघितलं की पदर डोळ्याला लावायच्या आणि तासाभरात शिऱ्याची वाटी पाठवायच्या. त्यातला एकदा मी भिडेखातर चार चमचे खाल्ला. पाव तासानं अंगाला घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं, पाय कापसाचे झाले आणि मी ओटीवर आडवा पडलो. सर्जनसाहेबांनी गोडाबद्दल का बजावलं होतं ते कळलं. सावित्राबाईंनी मात्र शेजारीपाजारी सांगितलं की माझ्या शिऱ्यानं अंबाजीभाऊंना झोप लागली, किती दिवसांनी!

दुसऱ्या गटाचे पुढारी विठ्ठलराव. शेजारच्या खोलीत राहणारे, दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते आणि आता निवृत्त झाल्यामुळे पूर्ण डॉक्टर झाले होते. ते रोज संध्याकाळी यायचे, माझी नाडी धरायचे आणि कुणाला तरी उद्देशून "हं" म्हणायचे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण डिसेंबरात एका घरी चहाला गेलो तर सगळ्यांना कपबशा आल्या आणि मला नुसता कानतुटका कप आला. मी काही न दाखवता चहा प्यालो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. मुक्ता हातातली पळी तशीच धरून उभी राहिली.

"क्षय म्हणतायत," ती म्हणाली. "लोकांना वाटतंय तुम्हाला क्षय झालाय."

"मग सांगू की पोट कापलंय म्हणून."

"ते तर अजिबात सांगायचं नाही! पोट कापलेल्या माणसाची मुलगी कोण करेल? पंचमीला सुदुंबऱ्याचा निरोप आलाय, विसरलात?"

विसरलो नव्हतो. आमची नंदा मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवायची. दोन स्थळं तिनं कारण न सांगता नाकारली होती. सुदुंबऱ्याच्या केरबा गाडे यांचा मुलगा गोरख देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरला होता. तळेगावात एका लग्नात दोघांनी एकमेकांना लांबून बघितलं होतं. स्थळाची गोष्ट निघाल्यावर नंदा म्हणाली, "आबा, तुम्हाला पटलं तर बघा." ती आजवर कुठल्याच बाबतीत इतकं लांब वाक्य बोलली नव्हती. त्यानंतर चार दिवस ती घरात गुणगुणत होती आणि ती गुणगुणते हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे हे स्थळ मोडलं असतं तर काय मोडलं असतं ते मला आणि मुक्ताला न बोलता कळत होतं.

आणि ते स्थळ आलं होतं माझ्या जेवणावर. सहा वर्षांपूर्वी वडगावच्या एका लग्नात मी बेचाळीस जिलब्या खाल्ल्या होत्या. केरबा त्या पंगतीत समोर बसलेला होता. मध्यस्थानं माझं नाव काढताच तो म्हणाला म्हणे, "त्यो जेवणारा अंबाजी न्हवं? मग घर भरल्यालंच असणार. असा मानूस कुणाला उपाशी ठेवायचा न्हाई."

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलीच्या बापानं मुलाचं घर बघायला जायचं आणि तिथं जेवायचं. पोटभर जेवला म्हणजे होकार. पानात टाकून उठला म्हणजे नकार. मग तोंडानं काहीही बोलो. दुसरी रीत अशी, की मुख्य पाहुण्यानं हात धुतल्याशिवाय पंगतीतल्या कुणी उठायचं नाही. आणि तिसरी, जी सांगायचीही गरज नाही, की पुरुषांची पंगत उठली की मग बायकांनी बसायचं. या तिन्ही रीती मी जन्मभर पाळल्या होत्या आणि त्या एकमेकींना लागून आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. एकशे दोन किलोच्या माणसाला अशा गोष्टी दिसत नाहीत.

मार्चमधल्या एका रविवारी मी आणि विठ्ठलराव निघालो. मुक्तानं जुना कोट घातला मला, घडी मोडलेला, एकशे दोन किलोंचा. "कोट भरलेला दिसला की माणूस भरलेला दिसतो," असं तिचं म्हणणं. कोट भरलेला दिसत नव्हता. तो माझ्या आधी अर्धा हात चालत होता. वाळण्याचं कारण विठ्ठलरावांनी तयार केलं होतं: डॉक्टरांनी फिरायला सांगितलं, म्हणून मी रोज पहाटे लोहगडवाडीपर्यंत जाऊन येतो.

तळेगावपर्यंत गाडीनं, पुढे चाकणच्या एस.टी.नं. फाट्यावर केरबा चार माणसं घेऊन उभा होता. त्यानं विठ्ठलरावांना रामराम केला, मला केला, आणि आमच्या मागे एस.टी.च्या दाराकडे बघत राहिला. गाडी निघून गेली.

"अंबाजीभाऊ मागल्या गाडीनं येत्यात व्हय?"

"मीच अंबाजी."

केरबानं कोट ओळखला. मग कोटाच्या आत बघितलं. "लय वाळला की ओ!"

"रोज लोहगडवाडीला जातो. पहाटे. पायी."

"लोनावळ्यातनं? रोज?" बरोबरचा एक म्हातारा म्हणाला. त्यानं मनातल्या मनात अंतर मोजलं. "मग कामावर कवा जाता, दिवाळीला?"

विठ्ठलराव खोकले. आम्ही गावात शिरलो.

घर नीटनेटकं होतं. गोठ्यात चार जनावरं, ओसरीवर पितळी पाण्याचं भांडं चकचकीत, गोरख खाली मान घालून उभा. मला तो आवडला. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेताना वजन बघितल्यासारखा हात किंचित खालीवर केला. स्टोअरचा माणूस. मी मनात म्हटलं, आपल्यातला आहे.

अंगणात मांडवाखाली पंगत बसली. बावीस पानं. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, आंबेमोहराचा भात, कुरडया, भजी. मध्ये मी. डाव्या हाताला विठ्ठलराव. केरबा स्वतः वाढायला. दाराच्या आड बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. पहाटेपासून त्या चुलीपुढे होत्या आणि आमच्या उठण्याची वाट बघत होत्या. मी मात्र त्या क्षणी बायकांचा विचार करत नव्हतो. भाताच्या ढिगाकडे बघत होतो.

माझा बेत सोपा होता. भात आणि आमटी, लहान घास, प्रत्येकी चाळीस. पान हलतं ठेवायचं. कुरडई मोडली की खाल्ल्यासारखी दिसते. पहिला घास घेतला. चावू लागलो. विसाव्याला विठ्ठलराव दुसऱ्या पोळीवर होते. चाळिसाव्याला केरबा माझ्यापुढे तुपाची वाटी घेऊन उभा.

"होऊ द्या सावकास, भाऊ! घाई न्हाई. आज दिस तुमचाच हाय."

वीस मिनिटांत बाकीची पंगत जेवली. चाळीस मिनिटांत ढेकर संपले. मी अकराव्या घासावर होतो. वीस माणसं मांड्या घालून, उष्टा हात पानावर धरून बसली होती. हात वाळले. वाळल्या हातावर माशा आल्या. कुणी उठेना, पाहुणा जेवतोय. आणि मग मला ऐकू आलं ते असं:

"आजून खातोय."

"ऐकलं व्हतं त्ये खोटं न्हाई. वडगावला बी आसंच झालं व्हतं."

"वाळलाय पर दम तोच हाय गड्याचा!"

माझ्या जेवणाची ख्याती ते लागलेल्या वेळावरून मोजत होते. पान बघायला कुणाला सुचलं नव्हतं. आयुष्यात कधी नव्हे इतकं कमी मी खात होतो आणि आयुष्यात कधी नव्हे इतका मोठा जेवणारा ठरत होतो. क्षणभर वाटलं, निभावलं. मग त्या कौतुकानं केरबाला भरून आलं. त्यानं पुरणपोळीचा हातभर तुकडा गुळवण्यात बुडवला आणि "येक घास माज्या हातचा!" म्हणून माझ्या तोंडात घातला.

व्याह्याच्या हातचा घास तोंडातून काढता येत नाही. मी चाळीस वेळा चावला. पुरण आणि गूळ चाळीस वेळा चावल्यानं कमी गोड होत नाहीत, जास्तच होतात.

पाव तासानं घाम आला. कपाळ, मान, कोटाची कॉलर, सगळं ओलं. छातीत धडधड सुरू झाली. बाकी पाय मांडीत असल्यामुळे ते कापसाचे झालेत हे फक्त मलाच कळत होतं. उठून हात धुवावा तर उठता येत नाही. उठलो नाही तर पंगत उठत नाही. विठ्ठलरावांनी माझी नाडी धरली आणि "हं" म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा माफ केलं नाही.

"तिखट लागलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात घरातून केरबाची आई बाहेर आली. कस्तुराबाई. सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली, हाताला पिठाचे पापुद्रे. ती सरळ माझ्यापुढे येऊन उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पानात बघितलं.

"पाव्हणं, येक तास वर झाला. पानात हाय ते समदं तसंच हाय." तिनं भाताच्या ढिगाला बोट लावलं. "सैपाक वंगाळ झाला, का घर वंगाळ वाटलं?"

केरबाचा चेहरा पडला. गोरख गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला. साऱ्या पंगतीला एकदम माझं पान दिसलं.

मी काट्यावरचा माणूस. एका पारड्यात ठेवलं, की बोललो नाही तर नकार दिला असं होतं आणि नंदाचं स्थळ जातं. दुसऱ्यात ठेवलं, की बोललो तर आजारी बापाची मुलगी म्हणून जातं. दोन्ही पारडी सारखीच. अशा वेळी आम्ही जे खरं आहे ते वहीत लिहितो.

"मावशी, स्वयंपाक उत्तम आहे. घरही चांगलं आहे. माझं पोट कापलंय. तीनातला एक हिस्सा राहिलाय. लोहगडवाडीला मी गेली अकरा वर्षं गेलेलो नाही."

"कापलंय? कुटं कापलंय?"

सांगायला लाज वाटते, पण बावीस पुरुषांच्या पंगतीत, उष्ट्या हाताने, मी कोट बाजूला केला, सदरा वर केला आणि छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंतची शिवण एका वृद्ध बाईला दाखवली. कोपऱ्यातली दोन पोरं बघायला पुढे आली. केरबाही वाकला. कस्तुराबाईनं गोधडीचे टाके बघावेत तसं बारकाईनं बघितलं.

"टाकं बरं घातल्यात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आन पोरीचं पोट?"

"पोरीचं?"

"तिचं शाबूत हाय न्हवं? भाकर जाती का तिला?"

"जाते. दोन जातात. कधी तीन."

"मग झालं की!" ती केरबाकडे वळली. "पाव्हण्यानं आपल्या घरापायी जिवावर घेऊन खाल्लं. आजून काय होकार पायजे तुला?"

केरबानं डोळे पुसले. मग मला म्हणाला, "भाऊ, तुमी आडवं व्हा. हितंच व्हा." आणि मला त्यांनी तिथंच, पानाशेजारी, माझ्याच कोटाची घडी उशाला देऊन निजवलं. धडधड हळूहळू उतरू लागली. वर मांडवाची पानं हलताना दिसत होती.

तेव्हा खरा पेच उभा राहिला. विठ्ठलरावांनी तो बोलून दाखवला. "आता आम्ही उठायचं का?"

केरबानं विचार केला. "पाव्हण्यानं हात कुटं धुतलाय?"

"पण ते निजलेत."

"निजू द्या की. पान पुढ्यात हाय, हात उष्टा हाय. पंगत चालू हाय." त्याच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. वीस वाळलेले हात पुन्हा पानांवर गेले.

"आन बाया कवा जेवायच्या?" कस्तुराबाई म्हणाली.

"पंगत उठल्यावर, आई."

"ती आज उठती का उद्या?" तिनं आडव्या पडलेल्या माझ्याकडे बघितलं. "कालच्या रातीपासनं पोरींच्या पोटात घास न्हाई. पंगत चालू हाय म्हनतोस न्हवं? मग चालूच हाय. चला गं बायांनो, पानं मांडा. समोर बसा."

कुणी काही बोलायच्या आत घरातून सहा बायका आल्या, समोरच्या बाजूला पानं मांडली आणि बसल्या. त्या घरात पुरुषांच्या पंगतीत बाई बसण्याची ती पहिली वेळ असणार, कारण केरबाला त्यांना वाढायचं कसं ते कळेना. तो पोळ्यांची परडी घेऊन नुसता उभा होता. शेवटी गोरखनं त्याच्या हातातली परडी घेतली आणि आजीच्या पानापासून वाढायला सुरुवात केली. पोळ्या गरम होत्या. बायका आधी खाली बघून जेवल्या, मग हळूहळू एकमेकींत बोलू लागल्या, एक हसली. समोर त्यांना जेवताना बघून वीस पुरुषांना पुन्हा भूक लागली. त्या दिवशी पोळ्या कमी पडल्या.

मी मुद्दाम थोडा जास्त वेळ निजलो. किती, ते मोजलं नाही.

संध्याकाळी सुपारी फुटली. वैशाखात लग्न झालं. लग्नात माझ्याकडून कुणी जेवणाची अपेक्षा केली नाही. उलट सुदुंबऱ्याची माणसं आमच्या पाहुण्यांना माझी शिवण दाखवायला घेऊन येत होती आणि मी दाखवत होतो.

दोन महिन्यांनी नंदाचं कार्ड आलं. "आबा, महिन्यातून दोन रविवार तरी इकडे येत जा. जेवायलाच या." मी ते कार्ड गोदामात सावळाला वाचून दाखवलं. मुलीची बापावर माया असते, असं म्हणालो. सावळा म्हणाला, "व्हय, असती," आणि पोतं उचलून गेला.

मी जाऊ लागलो. दर पंधरा दिवसांनी रविवारी अंगणात पंगत. मी मध्ये. माझं पान वाढलं की समोरची पानं मांडली जायची. आता कुणी काही बोलत नव्हतं. पाव्हण्याला दोन तास लागतात, बाया तोवर काय उपाशी राहणार का, एवढंच. इतर दिवशी घरात जुनी रीत चालू होती. ती एका रविवारात जात नाही.

दुसऱ्या वर्षी सर्जनसाहेबांचं बरोबर ठरलं. पोट सवय करून घेऊ लागलं. भाकरी अर्धी जाऊ लागली, मग पाऊण, घास दहा-बारा वेळा चावला तरी चालू लागलं. एका रविवारी सुदुंबऱ्यात मी वीस मिनिटांत जेवलो. अगदी साफ. स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हटलं, केरबाला आज दाखवावं. हात टेकून मी उठायला लागलो.

"आबा."

नंदा समोर बसली होती, कस्तुराबाईच्या शेजारी. तिच्या पानात अर्धी भाकरी होती. तिच्या डाव्या हाताला तिची थोरली जाऊ नुकतीच बसली होती. तिचं पान वाढलंही नव्हतं.

"एवढ्यात काय उठताय, आबा? तुमचं जेवण अजून झालं कुठे?"

आवाज अगदी साधा होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भाकरीचा तुकडा मोडत होती. पंगतीतल्या पुरुषांनी आपापले हात पानावर तसेच धरले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

पूर्वी मी ऑपरेशन लपवत होतो. त्या दिवसापासून बरं होणं लपवू लागलो.

मी पुन्हा मांडी घातली. पानात काही नव्हतं. केरबाला म्हणालो, "व्याही, जरा भात द्या. सावकाश खातो." त्यानं भात वाढला. मी एक शीत उचललं आणि चावू लागलो. समोर गोरखनं परडी आणली. नंदानं दुसरी भाकरी घेतली. गरम होती, मोडली तेव्हा वाफ आली.